बाबांच्या बागेचा टायमर बदलला, त्याच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

या हिवाळ्यात तिसऱ्यांदा टायमर कोरा झाला. सकाळी वीज गेली, तासाभराने आली आणि पडद्यावर १२:०० लुकलुकत राहिलं. आतली ९ व्होल्टची बॅटरी केव्हाच संपली आहे. नवी घालायला गेले तर कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला. प्रोग्रॅम पुसला गेला की हा टायमर त्याच्या मूळ सवयीवर जातो: सगळ्या लाइनी, रोज, प्रत्येकी दहा मिनिटं. बाबा म्हणाले, "अगं, चालतंय ना, पाणी तर सुटतंय." सुटतंय खरं, पण कशाला किती, हे कोणालाच माहीत नाही.

हा टायमर बाबांनी २०११ साली बसवला. सहा लाइनींचा, त्यातल्या चार वापरात:

१. पुढचं लॉन, ५ बाय ६ मीटर, जमिनीतून वर येणारे स्प्रिंकलर.
२. कुंपणालगत जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, गवती चहा. ठिबक.
३. मागची फळझाडं: आंबा, चिकू, पेरू, लिंबू. ठिबक.
४. गच्चीवरच्या ४५ कुंड्या. ठिबक. हिचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही म्हणून बाबा रोज वर जाऊन हाताने कॉक फिरवतात. वय ७४, जिन्याला कठडा एकाच बाजूला.

मला हे काम हातात घ्यायला लावलं ते बाबांच्या वहीने. ते बोअरचं पाणी, टँकर, खत, सगळं लिहून ठेवतात. गेल्या वर्षी एप्रिल-मे मिळून पाच टँकर, प्रत्येकी दहा हजार लिटरचे. पुण्यात लोक पिण्याच्या पाण्यासाठी टँकर मागवतात आणि आपण बागेसाठी, हे त्यांना मनातून टोचतं. त्यांनी वहीत त्या पानावर फक्त एक रेघ मारून ठेवली आहे.

१५ फेब्रुवारी

काहीही विकत घेण्याआधी जे आहे ते मोजायचं ठरवलं. टायमरच्या वायरी सोडवल्या आणि सगळ्या व्हॉल्व्हना सामाईक असलेली कॉमन वायर धरून एकेका व्हॉल्व्हच्या कॉइलचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) रोध मल्टिमीटरवर पाहिला. पहिली ३८ ओहम, दुसरी ३६, चौथी ३९. तिसरी उघडी, म्हणजे सर्किटच तुटलेलं. २४ व्होल्ट एसीच्या अशा कॉइलचा रोध साधारण २० ते ६० ओहमच्या मधे असतो, तेव्हा तिघी ठणठणीत.

मग फळझाडांना पाणी कोण देत होतं? माळीकाका. "ताई, ती लाइन दिवाळीपासून बंद आहे. मी पाइप लावतो." त्यांनी ते सांगितलंही होतं, बाबांच्या लक्षातून गेलं.

जमिनीतला व्हॉल्व्हचा डबा उघडला. आत चिखल, दोन गोगलगायी आणि चिकटपट्टी गुंडाळलेला जोड. पट्टी सोडली तर तांबं काळं पडून तुटलेलं. काळी पडलेली तार चांगलं तांबं लागेपर्यंत कापत गेले, जवळजवळ वीतभर. आत ग्रीस भरलेले पाणीरोधक कनेक्टर लावून पुन्हा जोडली. आता ३७ ओहम. जमिनीखालच्या जोडावर चिकटपट्टी कधीही लावू नये. ती पाणी अडवत नाही, धरून ठेवते.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते, कारण मलाही ती उशिरा कळली. ३८ ओहमची कॉइल २४ व्होल्टवर लावली तर हिशेबाने ०.६३ अँपिअर करंट यायला हवा. प्रत्यक्षात क्लॅम्प मीटरवर सुमारे ०.२३ दिसतो. कॉइल ही एसीसाठी बनवलेली आहे. तिचं इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला विरोध करण्याचा गुण, करंटला आवर घालतं. म्हणून "घरात २४ व्होल्टचा डीसी अॅडॉप्टर पडलाय, तोच लावू" असं करू नये. डीसीवर तो आवर राहत नाही, करंट जवळजवळ तिप्पट वाहतो आणि कॉइल भाजून निघते. जुना ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्ट एसी, १ अँपिअरचा आहे आणि चांगला आहे. तो ठेवायचा.

१६ फेब्रुवारी

आज लॉनवर बारा डबे मांडले. श्रीखंडाचे. आईने जपून ठेवलेली चळत होती, ती कामी आली. डबे खाली थोडे निमुळते असतात, म्हणून आतली उंची पट्टीने मोजून चालत नाही. औषधाच्या मापाने पाणी मिलिलिटरमध्ये मोजायचं आणि तोंडाच्या क्षेत्रफळाने भागायचं. तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर, म्हणजे ७.८५ मिलिलिटरला १ मिलिमीटर.

स्प्रिंकलर दहा मिनिटं चालवले. डब्यांतलं पाणी, मिलिमीटरमध्ये: ८, ७, ७, ६, ६, ५, ५, ५, ४, ४, ३, ३. सरासरी ५.२५. सगळ्यात कोरड्या तीन डब्यांची सरासरी ३.३. या दुसऱ्या सरासरीला पहिलीने भागलं की ०.६३. सगळीकडे सारखं पाणी पडलं तर हा आकडा १ येतो. म्हणजे मधलं लॉन भिजून चिंब आणि भिंतीकडची कड तहानलेली. ती कड पिवळी पडते म्हणून बाबा वेळ वाढवत गेले. वहीत दिसतंच: २०१३ ला १२ मिनिटं, २०१६ ला १५, २०१९ पासून २०.

पंपापासूनच्या पाइपात पाण्याचं मीटर तात्पुरतं जोडून पाहिलं. लॉनची लाइन मिनिटाला १८ लिटर घेते. वीस मिनिटांना ३६० लिटर, रोज. महिन्याला १०,८०० लिटर.

एक टँकर. दर महिन्याला आमचं लॉन एक टँकर पितं, थंडीतही.

बाबांना आकडा दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही मागून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात तो आकडा लिहिला.

२३ फेब्रुवारी

कंट्रोलर कोणता, यावर दोन आठवडे घालवले. तयार मिळणारे वायफायवाले कंट्रोलर पाहिले. चांगले आहेत, पण माझ्या दोन अटी. एक, इंटरनेट नसलं तरी बागेला पाणी मिळालं पाहिजे. दोन, बाबांना फोन न उघडता बटण दाबून कुठलीही लाइन चालू-बंद करता आली पाहिजे. ओपनस्प्रिंकलर या मुक्त-आराखड्याच्या कंट्रोलरपाशी जवळजवळ थांबले होते. शेवटी स्वतःच जुळवायचं ठरवलं: आठ रिलेंचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) बोर्ड, त्यात ईएसपी३२ ही वायफायवाली छोटी संगणक-चिप, त्यावर ती चालवणारं ईएसपीहोम, आणि घरात रास्पबेरी पाय या जुन्या छोट्या संगणकावर आधीपासून चालू असलेलं होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर. ईएसपीहोममध्ये स्प्रिंकलरसाठी तयार घटक आहे. एका वेळी एकच व्हॉल्व्ह, दोन व्हॉल्व्हमध्ये थांबा, पंपाची सोबत, आणि सगळ्या वेळांना एकाच आकड्याने गुणण्याची सोय. हा शेवटचा गुणक मला हवाच होता. उन्हाळा-हिवाळ्याचा सगळा फरक त्या एका आकड्यात बसवता येईल.

२ मार्च

टेबलावर जुळणी. पहिल्याच वेळी वीज दिल्यावर सगळे रिले एकदम कटकट वाजले. या बोर्डाचे रिले पिनेवर शून्य व्होल्ट आले की चालू होतात आणि ईएसपी३२ जागा होईपर्यंत पिना अधांतरी, ना चालू ना बंद, लोंबकळत असतात. आउटपुट उलटं करून, सुरुवातीला कायम बंद राहण्याची सेटिंग दिली. तरी एक रिले हट्टाने वाजायचा. तो चिपच्या जीपीआयओ १२ या पिनेवर होता. ही पिन चालू होताना वर ओढलेली राहिली तर चिप फ्लॅशचा (प्रोग्रॅम साठवणाऱ्या मेमरीचा) व्होल्टेज चुकीचा धरते आणि उठतच नाही. ०, २, ५, १२, १५ या पिना चिप सुरुवातीला वाचते, कशी उठायची ते ठरवायला. तिथे रिले नको. ३४ ते ३९ फक्त इनपुट, आणि त्यांना आतला पुल-अप (पिन वर ओढून धरणारा रोध) नाही, म्हणून बटणं तिथे लावली तर बाहेरून रोध द्यावा लागतो. हे सगळं कागदावर आधी मांडलं असतं तर एक रविवार वाचला असता.

९ मार्च

आज खरी कॉइल लावून पाहिली. रिले बंद होताना दर चार-पाच वेळांनी एकदा ईएसपी३२ रिसेट होत होता. कॉइल सोडताना जो झटका उसळतो, त्याने. प्रत्येक रिलेच्या संपर्कावर १०० ओहमचा रोध आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अशी झटका शोषणारी जोडी लावली. पन्नास वेळा चालू-बंद केलं, एकदाही रिसेट नाही.

१६ मार्च

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. २३० व्होल्टचं काम मी केलं नाही आणि कोणी हौसेने करू नये असंच मला वाटतं. पंप अर्ध्या एचपीचा. तो बोर्डावरच्या छोट्या रिलेने थेट चालवायचा नाही, मधे कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट पेलणारा मोठा रिले. ३० मिलिअँपिअरचं गळती-संरक्षक स्विच. २३० व्होल्टचा डबा वेगळा, २४ व्होल्टचा वेगळा. वायरी डब्यात खालूनच घेतल्या, ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून), आणि आत शिरण्याआधी प्रत्येकीला खाली झोल दिला, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत डब्यात शिरणार नाही, झोलावरून टपकून जाईल.

पंपाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हॉल्व्ह उघडायचा, तीन सेकंदांनी पंप. बंद करताना आधी पंप, मग व्हॉल्व्ह. उलटं झालं तर पंप बंद तोंडाच्या पाइपात ढकलत राहतो. ठिबकला मिनिटाला पावणेदोन लिटरच लागतात, त्यामुळे प्रेशर पंप दर काही सेकंदांनी धडधडून थांबायचा. २४ लिटरची प्रेशर टाकी जोडल्यावर तो शांत झाला. शेजारच्या काकूंनी स्वतःहून सांगितलं की पहाटेचा आवाज गेला.

३० मार्च

गुढीपाडवा. गुढी उभारून, कडुलिंबाची चटणी खाऊन झाल्यावर बाबांच्या हाताने पहिली लाइन चालू केली. डब्याच्या दारावर पाच मोठी बटणं आहेत, खाली मराठीत पाट्या: लॉन, कुंपण, फळझाडं, गच्ची, आणि लाल रंगाचं "सगळं बंद". बटण दाबलं की नेहमीच्या वेळेइतकं पाणी, पुन्हा दाबलं की बंद.

बाबांनी लॉन चालू केलं, बंद केलं, परत चालू केलं. "मोबाइल लागत नाही ना याला?" "नाही बाबा." एवढंच विचारलं त्यांनी.

६ एप्रिल

गच्ची. ही लाइन सगळ्यात जास्त डोकं खाणार हे माहीत होतं. कुंड्यांना पंप नाही. जिन्यावरच्या टाकीतून पाणी उताराने येतं. टाकीचा तळ कुंड्यांच्या वर अडीच मीटर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब, म्हणजे इथे पाव बार. बागेतले नेहमीचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह पाण्याच्याच दाबावर पडदा मिटतात. कॉइल फक्त एक बारीक भोक उघडते-मिटते, बाकीचं काम पाणी करतं. पाव बारला त्या पडद्याला बळच मिळत नाही. म्हणून चौदा वर्षं तो व्हॉल्व्ह नीट मिटला नाही आणि बाबा जिना चढत राहिले. व्हॉल्व्ह बिघडलेला नव्हताच. तो चुकीच्या जागी होता.

त्याजागी मोटारवाला बॉल व्हॉल्व्ह बसवला. मोटार फिरवते, दाबाची गरज नाही. पूर्ण उघडायला काही सेकंद लागतात, ते चालतं.

दुसरी गोष्ट. ड्रिपरवर लिहिलंय ताशी ४ लिटर, पण ते एक बार दाबाला. साध्या ड्रिपरमधून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. पाव बारला निम्मं. एका ड्रिपरखाली बाटली धरून पंधरा मिनिटं मोजलं: ४८० मिलिलिटर, म्हणजे ताशी १.९ लिटर. हिशेब आणि बाटली दोन्ही जुळल्या तेव्हा फार बरं वाटलं. आईचे टोमॅटो मे महिन्यात का माना टाकायचे तेही कळलं. गच्चीची वेळ दुप्पट केली, ती दोन भागांत: पहाटे आणि संध्याकाळी. कुंडीत एकदम दिलेलं पाणी खालच्या भोकातून वाहून जातं आणि खत घेऊन जातं.

१७ एप्रिल

गुरुवार. आमच्याकडे गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार, वीज जाणार हे धरलेलंच. दुपारी तीन तास गेली. संध्याकाळी फळझाडांची चाळीस मिनिटांची पाळी होती. माळीकाकांचा फोन: "ताई, आंब्याचं आळं कोरडंच आहे."

नोंदी तपासल्या. वीज आल्यावर रास्पबेरी पाय उठलाच नव्हता, त्याचं मेमरी कार्ड गेलं. कंट्रोलर उठला, पाळी सुरू केली आणि पंधरा मिनिटांनी स्वतःच रिसेट झाला. मग पुन्हा पंधरा मिनिटांनी. ईएसपीहोममध्ये होम असिस्टंटशी संपर्क नसेल तर पंधरा मिनिटांनी स्वतःला पुन्हा चालू करण्याची सेटिंग मुळातच असते. दिव्यासाठी ती शहाणपणाची आहे. पाण्याच्या पाळीसाठी नाही. कागदपत्रांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. संपर्काची आणि वायफायची, दोन्ही मुदती शून्य केल्या.

माझी पहिली अट हीच होती की इंटरनेट नसलं तरी पाणी मिळालं पाहिजे, आणि ती मी फक्त इंटरनेट काढून तपासली होती, रास्पबेरी पाय बंद करून तपासली नव्हती. आज सगळं एकेक करून बंद केलं: राउटर, रास्पबेरी पाय, मग वीज. वेळापत्रक कंट्रोलरवरच आहे, वेळ सांगायला बॅटरीवरची आरटीसी (घड्याळाची) चिप आहे, आणि गुणकाचा शेवटचा आकडा फ्लॅशमध्ये राहतो. तिन्ही परीक्षांत पाळी पूर्ण झाली.

२७ एप्रिल

आता गुणक. झाडं आणि माती मिळून दिवसाला जेवढं पाणी हवेत सोडतात, त्याला बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात, आणि ते पावसासारखं मिलिमीटरमध्ये मोजतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. याहून सोपा हिशेब दुसरा नाही. हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग पुण्यातच, १९३२ साली सुरू झाला, आणि या विषयाची आपल्याकडची पाळंमुळं या शहरात आहेत, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

जगभर वापरतात ती पेनमन-माँटीथ पद्धत, अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतली. तिला वारा, आर्द्रता, ऊन सगळं लागतं. ओपन-मेटिओ ही सेवा तो आकडा तयार देते. तो डोळे मिटून घ्यायचा नव्हता, म्हणून १९८५ च्या हारग्रीव्ह्ज-सामानी सूत्राने वहीत करून पाहिला. त्याला फक्त कमाल-किमान तापमान आणि अक्षांश-महिन्यावरून येणारी सूर्यऊर्जा पुरते. कमाल ३८, किमान २१: दिवसाला ७ मिलिमीटरच्या जवळ. तेच डिसेंबरात, कमाल साडेएकोणतीस आणि किमान साडेअकरा धरून: ४.

लॉनच्या गवताला त्याच्या ०.८ पट पुरतं. ७ गुणिले ०.८ गुणिले ३० चौरस मीटर, १६८ लिटर. एप्रिलात. डिसेंबरात ९६. आम्ही बारा महिने ३६० ओतत होतो.

दरम्यान भिंतीकडचे दोन नोझल बदलले, एक स्प्रिंकलर हातभर सरकवला आणि श्रीखंडाचे डबे पुन्हा मांडले. ०.६३ चं ०.७६ झालं. तरी कोरड्या कडेसाठी थोडं जास्त द्यावंच लागतं: एप्रिलात दिवसाला सुमारे २२० लिटर. ते रोज न देता एक दिवसाआड दुप्पट, मधे अर्ध्या तासाची विश्रांती देऊन दोन हप्त्यांत. आमची माती भारी, एकदम दिलं तर फरशीवर वाहतं.

माळीकाकांना हे गणित सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग खुरप्याने चार बोटं माती उकरून मुठीत दाबली. लाडू झाला, अंगठ्याने टोचल्यावर फुटला. "वाफसा आहे. उद्या पाणी नको." वेळापत्रकातही उद्या पाणी नव्हतं. वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय: मातीत ओल आहे आणि हवाही आहे, मुळं श्वास घेतायत, अशी अवस्था. मातीत खुपसायचा सेन्सर घेतला आहे, पण त्याचा आकडा कधी विश्वासाने वाचायचा हे मी काकांच्या मुठीवरून ठरवणार. सेन्सरच्या पट्टीच्या कापलेल्या कडांना नखांचा रंग लावला. तिथून ओल शिरते आणि आकडे भरकटतात.

१३ मे

वळीव. चार वाजता ढग आले, विजा, गारा, पाऊण तास धो धो. अंदाजात २ मिलिमीटर होते. पर्जन्यमापकाने मोजले १९. वळवाचा पाऊस गल्लीगल्लीत वेगळा असतो. शनिवार पेठेत कोरडं आणि सिंहगड रस्त्यावर पूर, हे पुणेकरांना सांगायला नको. म्हणून घरचं मापक हवंच. साधं आहे: आत डोलणारी जोडवाटी, एक वाटी भरली की कलंडते, दर कलंडण्याला सुमारे ०.२८ मिलिमीटर. कंट्रोलर कलंडणी मोजतो आणि तेवढं पाणी पुढच्या पाळ्यांतून वजा करतो. १९ मधले मी १२ च धरले, बाकीचं वाहून गेलं. पुढच्या दोन्ही पाळ्या आपोआप गळल्या.

सगळ्या लाइनी बंद असताना मीटर रात्रभर शून्य दाखवतं का, तेही आज पाहिलं. दाखवत नव्हतं. कुंपणाच्या व्हॉल्व्हमध्ये वाळूचा कण अडकून पाणी झिरपत होतं. उघडून धुतला. फिल्टर चुकून पंपाच्या आधी बसवला होता, तो पंपाच्या पुढे घेतला.

२७ मे

मोसमी पाऊस केरळात २४ तारखेला आणि काल, २६ ला, मुंबईत. पुण्यात एरवी जूनच्या दुसऱ्या आठवड्याची वाट पाहतो, यंदा मे महिनाभर छत्र्या बाहेर. कंट्रोलरने आठवडाभर एकही व्हॉल्व्ह उघडलेला नाही, फक्त गच्चीचा, तिथे छपराखाली असलेल्या कुंड्यांसाठी.

यंदा टँकर एकच लागला, एप्रिलात. वहीत लिहिताना बाबा म्हणाले, "कंट्रोलरमुळे चार वाचले असं लिहू?" मी नको म्हटलं. मे महिना पावसाने वाचवला. एप्रिलचं श्रेय घेऊ, मेचं नको. त्यांनी तसंच लिहिलं.

१९ ऑक्टोबर

चार महिने डबा उघडला नव्हता. आत पालीची अंडी आणि मुंग्यांनी केलेलं मातीचं घर, तेही नेमकं आरटीसीच्या बोर्डावर. एक ग्लँड सैल राहिला होता. साफ केलं, ग्लँड घट्ट केला, रिकाम्या भोकांना बुचं लावली. फिल्टर धुतला, लॅटरलची (ठिबकच्या नळ्यांची) टोकं उघडून गाळ सोडला. पावसाळ्यानंतर एक दिवस यासाठी ठेवायचा.

आज काकांनी जे सांगितलं ते मला एप्रिलातच कळायला हवं होतं. लिंबाखाली उभे राहून म्हणाले, "हे झाड चौदा वर्षं नुसतं पानं काढतंय. कसं धरेल? ताण कधी दिला याला?"

खरंच. लिंबाला बहार धरायचा तर आधी पाणी तोडावं लागतं. आंबे बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या वेळी येणारा लिंबाचा बहार, हवा तर डिसेंबरात ताण, मग जानेवारीत पाणी, की फुटवा आणि फुलं. मोगऱ्यालाही थंडीत कोरडं ठेवून छाटल्यावर फुलं नीट येतात. मोठ्या आंब्याला मोहोर येण्याआधी पाणी नको. जुना टायमर या सगळ्यांना रोज पाजत होता, आणि माझ्या सूत्राने फक्त ते पाजणं काटेकोर केलं. हवेने किती पाणी ओढलं एवढंच सूत्राला कळतं. झाडाला केव्हा तहानलेलं ठेवायचं हे त्यात कुठेच नाही.

२ नोव्हेंबर

लिंबू वेगळा केला. फळझाडांच्या लाइनीतून त्याचे सहा ड्रिपर तोडून रिकाम्या पाचव्या जागेवर नवा व्हॉल्व्ह. मोगराही कुंपणापासून सुटा, सहाव्या जागेवर. दारावर दोन बटणं वाढली. होम असिस्टंटमध्ये प्रत्येक लाइनीला "ताण" असा एक कप्पा: सुरुवातीची तारीख, आणि शेवटची तारीख रिकामी. ताण तोडायचा दिवस झाड सांगतं, तो आधी भरून ठेवायचा नाही. ताण चालू असला की त्या लाइनीची वेळ शून्य आणि त्या बटणाशेजारचा पिवळा दिवा लागतो, म्हणजे बाबा झाड सुकलं म्हणून कळवळून पाणी सोडणार नाहीत.

७ डिसेंबर

लिंबाचा ताण सुरू. आळ्यातला पालापाचोळाही काकांनी काढून टाकला, ओल धरतो म्हणून. बाबा दोनदा विचारून गेले: "मरणार नाही ना?"

२८ डिसेंबर

पानं दुपारी वळतात, सकाळी सावरतात. सेन्सरचा आकडा आठवडाभर हललेला नाही. भारी मातीत वेळ लागतो, काका म्हणतात. लॉनला आता दर तिसऱ्या दिवशी पाणी, सरासरी दिवसाला १३० लिटरच्या आत. आणि कड हिरवी आहे.

१८ जानेवारी २०२६

आज सकाळी पानं सावरली नाहीत. साधारण चौथा हिस्सा पिवळा पडून आळ्यात गळलाय. काकांनी फांदी वाकवून पाहिली, माती उकरली आणि म्हणाले, "तोडा ताण. पण आज पोटभर नको, घोटभर."

खत देऊन आळं चाळवलं. बाबांनी लिंबाचं बटण दाबलं, पिवळा दिवा विझला. सहा ड्रिपर, वीस मिनिटं, आठ लिटर. पाच दिवसांनी सोळा. मग नेहमीचं. वहीत बाबांनी तारीख घातली आणि पुढची ओळ फुलांसाठी मोकळी सोडली आहे.